फाळक्यांना फाळके पुरस्कार कोणत्या वर्षी मिळाला?

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर होण्याचे दिवस जवळ आले की आमच्या वरणगावातील प्राध्यापक-कक्षाला काही काळ सट्टेबाजाराचे स्वरूप येते. सर्वोत्कृष्ट अभिनेता कोण, मराठीच्या वाट्याला काय येणार आणि दादासाहेब फाळके पुरस्कार यंदा कोणाला मिळणार, यांवर मधल्या सुटीत पैजा लागतात. कार्यालयातील लिपिक मंडळीही त्यात मागे नसतात. आपापला अंदाज चिठ्ठीवर लिहून ती कपाटात ठेवावयाची आणि ज्याचे भाकीत सर्वांत अधिक चुकेल त्याने सर्वांना चहा पाजावयाचा, असा शिरस्ता आहे. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला भाकिते करता येतात असा एक सार्वत्रिक गैरसमज असल्याने प्रस्तुत लेखकाची चिठ्ठी प्रथम उघडली जाते, आणि चहाही बहुधा त्यालाच पाजावा लागतो.

२०२५ साली, २०२३ या वर्षाचे पुरस्कार जाहीर झाले तेव्हाही हेच घडले. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून सुजय डहाके यांच्या ‘श्यामची आई’ची निवड झाली, याचा आनंद आमच्याकडे जरा जास्तच झाला. साने गुरुजींनी अमळनेरच्या शाळेत मुलांना शिकविले, तेव्हा या चित्रपटावर खानदेशचा थोडा हक्क आहे असे आम्ही मानतो. शिवाय १९५४ साली, हे पुरस्कार प्रथमच दिले गेले तेव्हा, राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’नेच मिळविले होते. फाळके पुरस्कार मोहनलाल यांना जाहीर झाला. ते नाव आमच्या एकाही चिठ्ठीत नव्हते. मग नेहमीचा वाद सुरू झाला. सुलोचनाबाई २०२३ च्या जूनमध्ये गेल्या, त्यांना तो का मिळाला नाही? पृथ्वीराज कपूर आणि विनोद खन्ना यांना मरणोत्तर देता आला, तर इतरांना का देता येऊ नये? या वादाच्या भरात एक द्वितीय वर्षाचा विद्यार्थी शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही घेण्यास आला होता. तो थोडा वेळ ऐकत उभा राहिला आणि त्याने सरळ भावाने विचारले की, फाळक्यांना स्वतःला हा पुरस्कार कोणत्या वर्षी मिळाला?

सर्वजण हसले. मुलगा ओशाळला. परंतु सही करताना प्रस्तुत लेखकाच्या मनात आले की, दिवसभरातील एवढ्या चर्चेत विचारण्याजोगा प्रश्न काय तो हाच होता.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. पुढे विल्सन कॉलेजात अध्यापक म्हणून ते मुंबईस आले आणि मुलालाही तिकडे आणले. शास्त्र्यांच्या घरच्या मुलाने वेदपठण करावे किंवा निदान वकिलीकडे वळावे अशी त्या काळची रीत. हा मुलगा १८८५ साली जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. तेथून बडोद्याच्या कलाभवनात. चित्रकला, छायाचित्रण, साच्यांतून मूर्ती घडविणे, रंगभूमीचे पडदे रंगविणे, मुद्रण, जादूचे प्रयोग असे जे जे हाती लागेल ते ते त्यांनी शिकून घेतले. एका गोष्टीवर ठरत नाही म्हणून घरच्यांनी कपाळाला हात लावला असेल. परंतु पुढे चित्रपट नावाचा जो धंदा त्यांना एकट्याने उभा करावा लागला, त्यात यांतील एकही विद्या वाया गेली नाही.

गोध्र्याला त्यांनी छायाचित्रांचा धंदा सुरू केला. त्याच सुमारास पश्चिम भारतात प्लेगने थैमान घातले आणि त्यात त्यांची पत्नी व मूल दगावले. ते गाव सुटले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे माहेरचे नाव गिरिजा करंदीकर. सासरी त्या सरस्वतीबाई झाल्या. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण आमच्या कोणत्याही चिठ्ठीत ते आजवर आलेले नाही.

१९०३ मध्ये त्यांना सरकारी पुरातत्त्व खात्यात नोकरी मिळाली. कायम पगाराची नोकरी म्हणजे काय, हे या मजकुराच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. स्वदेशीच्या चळवळीत, १९०६ साली, फाळक्यांनी ती सोडली. वय छत्तीस, पदरी संसार. लोणावळ्याच्या बाजूस राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छापखान्यासाठी त्यांनी काम केले, मग स्वतःचा छापखाना काढला आणि १९०९ साली नव्या यंत्रांसाठी ते जर्मनीस जाऊन आले. छापखाना नावारूपाला आला आणि भागीदारांशी बिनसले. अंगावरच्या वस्त्रांनिशी म्हणावे तसे ते त्या धंद्यातून बाहेर पडले. त्यांच्या आयुष्यात हा प्रसंग पुढे पुन्हा यावयाचा होता.

चाळिशी ओलांडलेला, धंदा गमावलेला हा गृहस्थ गिरगावातील एका तंबूवजा चित्रपटगृहात ख्रिस्ताच्या चरित्राचा मूकपट पाहण्यास गेला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि याच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. दुसऱ्या खेळाला त्यांनी सरस्वतीबाईंना बरोबर नेले. त्यानंतर काही महिने मिळेल तो चित्रपट पाहणे, मिळेल ते पुस्तक वाचणे आणि रात्र रात्र मेणबत्तीच्या उजेडात प्रयोग करणे, एवढाच उद्योग. अतिश्रमाने दृष्टी जवळजवळ गेली. वैद्यकीय उपचारांनी आणि दोनतीन चष्म्यांच्या आधाराने ती परत आली. इंग्लंडला जाऊन यंत्र आणावयाचे तर पैसा हवा. तारण ठेवण्याजोगी एकच वस्तू घरात होती, ती म्हणजे विम्याच्या पॉलिसी. त्या गहाण टाकून त्यांनी सुमारे दहा हजार रुपये उभे केले.

या दहा हजारांवर क्षणभर थांबावयास हरकत नाही. १९१२ साली एखाद्या कारकुनाला तीसचाळीस रुपये मासिक वेतन मिळाले तर तो सुखवस्तू समजला जाई. म्हणजे फाळक्यांनी पणाला लावलेली रक्कम त्याच्या वीस-पंचवीस वर्षांच्या पगाराइतकी होते. आणि ती लावली ती अशा धंद्यावर, ज्याचे गिऱ्हाईक होते, परंतु जो या देशात अद्याप कोणी केलेला नव्हता. १९७० मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाचा पहिला पुरस्कार देविकाराणींना दिला, तेव्हा त्याची रोख रक्कम अकरा हजार रुपये होती. एक हजार अधिक. परंतु अठ्ठावन्न वर्षांनंतरचे.

१९१२ च्या फेब्रुवारीत फाळके लंडनला गेले. तेथील चित्रपट-साप्ताहिकाच्या संपादकाची त्यांनी ओळख करून घेतली, त्याच्या शिफारशीने हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत कामाची रीत पाहिली, विल्यमसन कॅमेरा खरेदी केला आणि १ एप्रिलला ते मुंबईस परतले. आता चित्रपटासाठी भांडवल हवे. सावकाराला दाखविण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वाढेपर्यंत रोज थोडी थोडी चित्रे घेतली. पडद्यावर ते रोप एका मिनिटात वर आले. ते पाहून कर्ज मिळाले खरे, पण तारण म्हणून सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

दादरच्या राहत्या घरात ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला. या घराचे वर्णन फाळक्यांनी १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहिलेल्या लेखांत आणि पुढे त्यांच्या चरित्रकारांनी केले आहे. स्वयंपाकघर ही प्रयोगशाळा होती. कच्च्या फितीला कडेची भोके पाडलेली नसत. ती अंधारात, एकेक करून, सरस्वतीबाई पाडीत. रसायने त्या मिसळीत. चित्रण चालू असताना उन्हात पांढरी चादर धरून त्या प्रकाश परतवीत. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्याच करीत, आणि मुलेबाळेही त्यांनाच पाहावयाची होती. अशा कामांना आज चित्रपटाच्या शेवटी वेगवेगळ्या पंधरा-वीस नावांची श्रेये मिळतात, आणि त्यांतील काहींना राष्ट्रीय पुरस्कारही आहेत.

तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. कुलीन घरची तर सोडाच, ज्यांना समाजाने घराबाहेर ठेवले होते अशा स्त्रियाही कॅमेऱ्यापुढे येण्यास तयार होईनात. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात अण्णा साळुंके नावाचा नाजूक हातांचा आचारी फाळक्यांना दिसला. तेथे त्याला दरमहा दहा रुपये मिळत. फाळक्यांनी पंधरा देऊ केले, असे सांगतात. साळुंके तारामती झाला. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले आणि फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास. चित्रपटात काम करणे लाजिरवाणे समजले जाई, म्हणून कोणी विचारल्यास हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीस आहोत असे सांगण्याची सूचना मंडळींना होती. त्याच नावाने परेश मोकाशी यांनी २००९ साली फाळक्यांवर चित्रपट काढला आणि तो त्या वर्षी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून ऑस्करला गेला.

सहा महिने सत्तावीस दिवसांच्या खटपटीनंतर ३,७०० फूट लांबीचा चित्रपट तयार झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया चित्रपटगृहात निमंत्रितांसाठी, आणि ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सर्वांसाठी तो दाखविण्यात आला.

भारतीय चित्रपटाचा पहिला मान कोणाचा, हा वाद येथे टाळता येत नाही. रामचंद्र गोपाळ तथा दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ त्याच कॉरोनेशनमध्ये १८ मे १९१२ रोजी, म्हणजे जवळजवळ एक वर्ष आधी, दाखविला गेला होता. त्याहूनही मागे जावयाचे तर सावेदादा भाटवडेकरांनी १८९९ साली मुंबईत कुस्तीचे चित्रण केले होते. तोरणे यांच्या बाजूने बोलणारे लोक आजही आहेत आणि त्यांची तक्रार अगदीच निराधार नाही. ‘पुंडलिक’ हा रंगभूमीवरील नाटकाचा चित्रित प्रयोग होता, कॅमेरा परदेशी माणसाच्या हाती होता आणि फितीवरील प्रक्रिया इंग्लंडमध्ये झाली, असे त्यावर उत्तर दिले जाते. प्रस्तुत लेखकाला हे उत्तर पटते. पण पहिलेपणाची व्याख्या थोडी इकडेतिकडे केली की मान एकाकडून दुसऱ्याकडे जातो, हेही खरे. फाळक्यांचे मोठेपण तारखेवर अवलंबून ठेवणे हाच मुळात त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांनी एक चित्रपट काढला नाही. येथल्या माणसांनी, येथल्या पैशाने, येथेच अथपासून इतिपर्यंत चित्रपट करता येतो आणि तो पोट भरू शकतो, हे सिद्ध करून दाखविले.

त्यानंतर फाळके नाशिकला गेले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या पडद्यावर आल्या आणि स्त्रीभूमिका स्त्रियांकडे आली. १९१४ मध्ये आपले चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तेथील जाणकारांनी वाखाणणी केली. हेपवर्थ यांनी भरघोस मानधन आणि नफ्यात वाटा देऊन तेथेच चित्रपट काढण्यास सुचविले. नाशिकची माणसे आपल्या भरवशावर आहेत म्हणून त्यांनी नकार दिला. ते परतले तो महायुद्ध सुरू झालेले, सावकारांनी हात आखडलेले. तरीही १९१७ चे ‘लंकादहन’ असे चालले की गल्ल्याची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागत, अशी आख्यायिका आहे. त्यात राम आणि सीता दोन्ही साळुंकेच होता. प्रेक्षकांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

या यशाने भांडवलदार आले. १९१८ च्या आरंभी पाच भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’ या चित्रपटांत बाळकृष्ण झालेली मंदाकिनी ही फाळक्यांचीच मुलगी. पैसा चांगला मिळाला आणि भांडणेही लवकरच सुरू झाली. या भागीदारांना खलनायक ठरविण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती बरोबर नाही. गुंतवलेल्या पैशाचा हिशेब मागणे हा त्यांचा अधिकार होता, आणि फाळके हिशेबाचे गृहस्थ नव्हते. एखादे दृश्य मनासारखे होईपर्यंत फीत किती खर्ची पडली हे ते मोजीत बसले नसते. पण त्यांच्यासारख्या माणसाकडून मोजून काम घेता येत नाही, हे भागीदारांनाही उमगले नाही. फाळके काशीला निघून गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. १९२२ मध्ये ते परतले ते आपणच काढलेल्या कंपनीत, पगारी दिग्दर्शक म्हणून.

अर्थशास्त्रात एक साधी गोष्ट आम्ही विद्यार्थ्यांना शिकवितो. नवा उद्योग जो प्रथम काढतो त्याला शिकण्याचा सगळा खर्च सोसावा लागतो. त्याच्या चुकांवरून शिकणाऱ्या पुढच्यांना तो धडा फुकट मिळतो. फाळक्यांनी उन्हात कोणती फीत किती वेळ उघडी ठेवावी हे पैसे खर्चून शोधले. नट तयार केले, प्रेक्षक तयार केला, स्त्रियांसाठी दार उघडले. कोल्हापुरात बाबूराव पेंटर उभे राहिले, त्यांच्या हाताखालून शांताराम बाहेर पडले, १९२९ मध्ये प्रभात निघाली. या सगळ्यांचे कर्तृत्व मोठे आहे. परंतु हरिश्चंद्राच्या कारखान्याचा खर्च त्यांच्या वहीत कोठेही पडलेला नाही. बाजार अशा खर्चाची भरपाई आपण होऊन करीत नाही. ती समाजाने करावयाची असते आणि करावयाची तर वेळेवर.

१९३१ मध्ये बोलपट आला. फाळके त्या वेळी ‘सेतुबंधन’ हा मूकपट करीत होते. त्याला पुढे आवाज जोडावा लागला. १९३२ मध्ये प्रभातचा पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ प्रदर्शित झाला, आणि त्याची कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच होती. एकोणीस वर्षांपूर्वी जी भूमिका करण्यास मुंबई शहरात एक स्त्री मिळाली नव्हती, ती तारामती आता सुखवस्तू, सुशिक्षित घरातील दुर्गा खोटे यांनी केली. १९८३ चा फाळके पुरस्कार दुर्गाबाईंना मिळाला. तो योग्यच होता. साळुंके यांना काय मिळाले, असा प्रश्न मात्र त्या वेळी कोणाला सुचल्याचे दिसत नाही.

फाळक्यांचा एकमेव बोलपट म्हणजे कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’. तो १९३७ साली आला तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. त्यांच्या नावावर नव्वदहून अधिक चित्रपट जमा होते, आणि बँकेत सांगण्याजोगे काही नव्हते. १९३९ मध्ये मुंबईत चित्रपटव्यवसायाचा रौप्यमहोत्सव थाटात झाला. ज्या चित्रपटाच्या जन्मापासून ही वर्षे मोजली गेली त्याचा कर्ता तेथे गर्दीत बसला होता. शांतारामांनी त्यांना पुढे आणले आणि त्यांच्या घरासाठी निधी उभारण्याचे आवाहन केले. जमलेल्या पैशातून नाशिकला एक लहानसे घर झाले. त्यांच्या हयातीत चित्रसृष्टीने त्यांना दिलेला पुरस्कार म्हणून बोट दाखवावयाचे तर ते या घराकडेच दाखवावे लागेल. विद्यार्थ्याच्या प्रश्नाला हे एक उत्तर होऊ शकते.

परंतु दुसरेही एक उत्तर आहे. युद्धकाळात कच्च्या फितीची टंचाई होती आणि चित्रपट काढण्यास सरकारी परवाना लागे. सत्तरी ओलांडलेल्या फाळक्यांना आणखी एक चित्रपट काढावयाचा होता. त्यांनी रीतसर अर्ज केला. तो नामंजूर झाल्याचे पत्र फेब्रुवारी १९४४ मध्ये आले, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ फेब्रुवारीला, नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने पुरस्कार निघाला, १९७१ मध्ये टपाल तिकीट निघाले, गोरेगावच्या चित्रनगरीला त्यांचे नाव दिले गेले. ‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केली ती पूर्ण नाहीत, आणि तीही १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत, असे अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या चित्रपटासाठी सरस्वतीबाईंचे दागिने गेले, तो मूळ रूपात बहुधा आपल्याजवळ नाही.

पुरस्कार देऊ नयेत असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. मोहनलाल, वहिदा रहमान, आशा पारेख यांच्या सत्काराने कोणाचे काही बिघडत नाही, आणि आमच्या चहाची सोय होते. परंतु १९१२ साली फाळक्यांना ताम्रपट नको होता, विम्याच्या पॉलिसीवाचून कर्ज देणारा कोणी हवा होता. १९४४ साली त्यांना शाल नको होती, परवाना हवा होता. नवख्या निर्मात्यांना भांडवल पुरविण्यासाठी सरकारने १९६० मध्ये चित्रपट वित्त महामंडळ काढले, ते याच जाणिवेतून. पण त्याची चर्चा पैजा लावून कोणी करीत नाही. आणि पुरस्कारच द्यावयाचे तर, फितीला भोके पाडणाऱ्या, रसायने मिसळणाऱ्या, सत्तर माणसांना वेळेवर जेवू घालणाऱ्या माणसांपैकी एखाद्याला, त्याच सभागृहात, त्याच राष्ट्रपतींच्या हातून, सरस्वतीबाई फाळके यांच्या नावाने एखादा का देऊ नये?

तो विद्यार्थी परवा पुन्हा आला होता. अर्जावर सही झाली होती, पण शिक्का राहिला होता. जाताना त्याने विचारले की, अण्णा साळुंके पुढे काय झाले? ते पुढे कॅमेरा चालवावयास शिकले आणि छायाचित्रकार म्हणून चित्रपटांवर काम करू लागले, एवढे मी त्याला सांगितले. यंदाच्या चिठ्ठीवर त्यांचे नाव लिहिले तर चालेल का, असे त्याने विचारले. नियमात बसत नाही, पण कपाटात जागा आहे.